त्याच्या जीपमधला बिघाड

माझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याची जीप आमच्या सोसायटीच्या आवारात, पाण्याच्या टाकीला लागून उभी असते. जुनी, डिझेलची, वेळ आली तर चारही चाकांनी ओढणारी. त्याचा बोअरवेलच्या पंपांचा धंदा होता. मुरबाड-शहापूरकडच्या वाड्यापाड्यांवर साधी गाडी चालत नसे, म्हणून त्याने ती घेतली होती. तो आजारपणात गेला. पुढे काही वर्षांनी तिचं माझ्याशी लग्न झालं, तेव्हा तिच्यासोबत दोन कपाटं, एक शिवणयंत्र आणि ही जीप डोंबिवलीत आली. कपाटांना आणि शिवणयंत्राला मी जागा करून दिली. जीपला मनातून अजूनही दिलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी त्याला कधी पाहिलं नाही. घरात त्याचा फोटोही नाही. तो तिने स्वतःहूनच लावला नाही आणि तिच्या त्या समजूतदारपणाचाही मला राग येतो. फोटो असता तर बरं झालं असतं, फोटोकडे बघायचं नाही असं ठरवता येतं. तो जीपमध्ये होता. चालवणाऱ्याची सीट त्याच्या पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती आणि तिथेच गंजून बसली होती. ती चालवायची तेव्हा पाठीशी उशी घ्यायची. मला मात्र ती सीट अगदी बरोबर बसायची. आमची उंची सारखी होती हे मला असं कळलं, आणि नको होतं कळायला. त्याला ती ‘अरे’ म्हणायची. मला ‘अहो’ म्हणते. चाळिशी उलटल्यावर झालेल्या लग्नात दुसरं काय होणार, अशी मी स्वतःची समजूत घालतो. ती फार वेळ टिकत नाही.

गेल्या वर्षी जीप आजारी पडली.

सकाळी किल्ली फिरवली की इंजिन नुसतं कण्हायचं. चुकून सुरू झालंच, तर हेडलाइट लावल्यावर तापमानाचा काटा वर चढायचा आणि दिवे बंद केले की खाली यायचा. जसं काही दिव्यांनीच पाणी उकळत होतं. सगळ्यात वाईट म्हणजे ॲक्सिलरेटर जड झाला होता. पाय काढला तरी पेडल लगेच वर येत नसे. एकदा मानपाडा रोडवर बायको चालवत असताना जीप एका रिक्षाच्या मागे जेमतेम थांबली आणि घरी येऊन तिने किल्ली खुंटीला अडकवून टाकली.

मानपाड्याच्या मेकॅनिकने बॅटरी बदलली, स्टार्टर उघडून साफ केला, ॲक्सिलरेटरची केबल दोनदा नवी टाकली. दोन्ही केबली थोड्याच दिवसांत पुन्हा जाम झाल्या. शेवटी तो वैतागला. “साहेब, माझ्याकडून सगळं केलेलं मी. हिच्यात आता काय राहिलेलं नाय. भंगारवाल्याला बोलवा, नायतर भगताला.”

त्यातच जीपच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. आरटीओच्या तपासणीत ती पास झाली तरच पुढे रस्त्यावर आणता येणार होती.

“अहो, तुम्ही एकदा बघा ना,” जेवताना ती म्हणाली. “तुमचं तर कामच आहे हे.”

“माझं काम कारखान्यातल्या मोटारींचं. गाड्यांचं नाही.”

“वीज ती वीजच की. नीट बघा आणि काय ते सांगा. तुम्ही म्हणालात संपलीय, तर मी देऊन टाकीन. त्या मेकॅनिकचं ऐकून नाही देणार.”

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते तिने माझ्या ताटात वाढलं होतं. माझ्या एका वाक्यावर ती जीप जाणार होती. ते वाक्य खोटं असलं तरी तिला कधी कळणार नव्हतं, कारण एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्यात मी आयुष्यभर बिघाडच शोधत आलो आहे आणि या बाबतीत तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

रविवारी सकाळी मीटर आणि पिशवी घेऊन खाली उतरलो. खरं तर मला कुठल्यातरी घाणेरड्या कामाची अपेक्षा होती. जुन्या गाड्यांमध्ये मालकाने हौसेने केलेलं वायरिंग म्हणजे चिकटपट्टीची भेंडोळी असतात. तसं काही दिसलं असतं तर मला हसायला मिळालं असतं. डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि हसू गेलं. त्याने स्वतः ओढलेली प्रत्येक वायर मापात होती. जोड डाग देऊन पक्के केलेले, वर रबरी नळी चढवलेली, आणि वायरींचा जुडगा ठरावीक अंतरावर मेणाच्या दोऱ्याने बांधलेला. असं काम मी माझ्या हाताखालच्या लोकांकडून ओरडून ओरडून करून घेतो. हा पंप विकणारा माणूस स्वतःच्या गाडीत सुट्टीच्या दिवशी करत होता.

एक पातळ पिवळी वायर डाव्या बाजूला, शेजारच्या सीटच्या पायापाशी गेली होती. तिथे एक चिमुकला दिवा होता.

“हा कशाला?” मी खालूनच विचारलं.

ती किल्ली घेऊन पुढच्या सीटवर बसली होती. “तो होय? मला घाटात पाय वर घेऊन बसायची सवय. मग उतरताना अंधारात चपला सापडायच्या नाहीत. रोज कटकट करायचे मी. मग एक दिवस बसवून टाकला.”

ती सहज बोलली. मी मात्र पाठीवर पडून त्या दिव्याकडे बघत राहिलो. आमच्या लग्नानंतर मी तिला दागिना केला, ठाण्याच्या मोठ्या दुकानातून साड्या आणल्या. तिला रोज कुठल्या गोष्टीची कटकट होते, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तपासणीसाठी म्हणून मी ती पिवळी वायर सोडवली. तपासणीसाठी तिची काही गरज नव्हती. ती मी पुन्हा जोडली नाही. हे लिहीपर्यंत जोडलेली नाही, आणि तिला ते लक्षात आलंय की नाही, हेही मला माहीत नाही.

मग बॉनेट उघडलं. बिघाड शोधताना एक साधा नियम मी पाळतो. तक्रारी तीन असल्या तरी कारण एकच आहे असं धरून चालायचं. सुरू व्हायचा त्रास, दिव्यांबरोबर चढणारा काटा, जड पेडल. मेकॅनिकने यातली दोन विजेची आणि एक यंत्राची मानली होती, म्हणून तो तीन ठिकाणी शोधत राहिला.

बॅटरीतून स्टार्टरकडे प्रवाह जाड वायरने जातो. परतीला वेगळी वायर नसते, तो गाडीच्या लोखंडातूनच परत येतो. पण इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून इंजिन आणि खालचा सांगाडा जोडायला तांब्याची एक विणलेली पट्टी असते. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला धरलं, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला.

“मार.”

तिने किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं. जिथे मीटरचा काटा हलायलासुद्धा नको, तिथे तो उडी मारून वर गेला. प्रवाहाला परतीची वाट मिळत नव्हती. दिवे लावल्यावर तापमानाचा काटाही त्यामुळेच खोटा चढायचा.

“अजून एकदा मार.”

या वेळी मी ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावला आणि झटक्यात काढून घेतला. चटका बसला. नेहमीची वाट बंद झाल्यावर स्टार्टरचा सगळा प्रवाह त्या बारीक केबलमधून परतत होता. केबल तापायची, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळायचं आणि पेडल जाम व्हायचं. दहा केबली घातल्या असत्या तरी दहाही जळल्या असत्या.

पिशवीत जंपरची जाड वायर होती. ती बॅटरीपासून इंजिनाला लावली असती तर जीप तिथल्या तिथे सुरू झाली असती. म्हणूनच मी ती बाहेर काढली नाही.

अर्थिंगची पट्टी कुठे बसवलीय ते वाकून शोधलं. सांगाड्याच्या पुढच्या टोकाला, गाडी ओढायचा दोर अडकवायला एक जाड लोखंडी कान आहे, त्याच्या मागेच तिचा बोल्ट होता. बोल्टवर हिरवट थर चढला होता आणि त्या हिरव्यात गुलाबी झाक होती. तांब्याला गंज चढतो तो हिरवा, पण गुलाबी? स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. पोपडा निघाला आणि त्यात तांदळाचा एक दाणा होता.

अक्षता. गुलाबी म्हणजे कुंकू.

मला सगळं एकदम कळलं. खंडेनवमीला तो बॉनेट उघडून इंजिनाची पूजा करायचा आणि त्या लोखंडी कानावर नारळ फोडायचा. तो गेल्यावर ते त्याच्या आईने हाती घेतलं. वर्षातून एकदा नाही, दर अमावास्येला. कल्याणहून रिक्षाने यायच्या, बॉनेट उघडायला लावायच्या, इंजिनाला हळदकुंकू वाहायच्या आणि त्याच कानावर नारळ आपटायच्या. पाणी थेट मागच्या बोल्टवर. आपटून आपटून बोल्ट सैल झाला, आणि नारळाच्या पाण्याने पट्टी आतून खाल्ली.

मला आनंद झाला. बिघाड सापडल्याचा नेहमी होतो तो नव्हे. त्याच्या आईने आणि माझ्या बायकोने इतक्या भक्तीने जपलेली त्याची गाडी त्यांच्या भक्तीनेच बंद पाडली होती, याचा झाला.

“काय हो, सापडलं का काही?” तिने डोकं बाहेर काढून विचारलं.

“बरंच काही दिसतंय,” मी म्हणालो. “दोन दिवस दे मला.”

ते दोन दिवस मी कारखान्यात ते वाक्य मनात घोळवत होतो. संपलीय गं. काही अर्थ नाही आता. मग आवाज कसा ठेवायचा, खांद्यावर हात ठेवायचा का, इथपर्यंत मी ठरवलं होतं. आणि तेवढ्यात अमावास्या आली.

त्याच्या आईबद्दल सांगायला हवं. आमचं लग्न त्यांनीच जमवलं. माझी आई आणि त्या कल्याणला एकाच भजनीमंडळात होत्या. सुनेने असं एकटं राहायचं नाही, असं म्हणून त्यांनी स्वतः माझं स्थळ आणलं. मला त्या जावईबापू म्हणतात, मी त्यांना काकू. जो संसार मी करतो तो मला त्यांच्या मोठेपणामुळे मिळाला, हे रोज आठवतं आणि रोज टोचतं.

त्या आल्या त्या पिशवीत नारळ घेऊनच. “काय जावईबापू, आमची गाडी बरी झाली का? का तुम्ही नुसतंच तिचं तापमान घेताय?”

“बघतोय काकू.”

“बघा, बघा. डॉक्टर असंच म्हणतात आणि महिनाभर ॲडमिट ठेवतात.”

बायको हसली. आम्ही तिघं खाली गेलो. मी बॉनेट उघडलं. काकूंनी इंजिनाला हळदकुंकू लावलं, दोन वेळा घंटी वाजवली आणि नारळ उचलला.

“मी फोडू का?” मी विचारलं.

“नको. नारळ फोडायला मनगट लागतं. तुमच्यासारखं मीटर लावून नाही फुटत तो.” आणि मग बायकोकडे वळून, “आठवतं ना गं? एका फटक्यात दोन भकलं करायचा. लोक बघत राहायचे.”

“आणि पाणी सगळं शर्टावर,” बायको म्हणाली.

दोघी हसल्या. मी बॉनेट धरून उभा होतो. नारळ फुटला, पाणी कानावरून ओघळून बोल्टवर गेलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “काकू, याच नारळाने गाडी बंद पडलीय.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. सगळं, नीट, पायरीपायरीने, कारखान्यात नवीन मुलांना समजावतो तसं. बोल्ट दाखवला. तांदळाचा दाणा दाखवला, तो मी कागदात ठेवला होता. अमावास्येचा हिशेबही मांडला. काकूंनी चष्मा लावला, वाकल्या, बोट फिरवून बघितलं. बोटाला हिरवं लागलं.

“म्हणजे मीच की,” त्या म्हणाल्या.

त्यांनी नारळाची भकलं उचलून पिशवीत घातली. एरवी तिथेच खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवतात, तो ठेवला नाही. चहाला थांबल्या नाहीत. बायको त्यांना रिक्षापर्यंत सोडून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“खरं तेच सांगितलंत,” ती म्हणाली. “पण किती आनंदाने सांगितलंत हो.”

ती वर गेली. मी खालीच राहिलो. तिने आरडाओरडा केला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तिने बिघाड अगदी बरोबर जागी दाखवला होता.

जीप संपलीय, हे वाक्य आता म्हणायची सोय नव्हती. कारण सांगून बसलो होतो आणि या कारणावर इलाज असतो. पुढच्या रविवारी मी नवी पट्टी आणली. जुना बोल्ट होता तिथे ती बसवली नाही. सांगाड्याच्या मागच्या अंगाला, नारळाचं पाणी कधी पोचणार नाही अशा जागी, रंग खरवडून लोखंड उघडं केलं, तिथे पट्टी घट्ट केली आणि वरून ग्रीस लावलं. पुढचा कान घासून स्वच्छ केला, त्यावर लाल रंग दिला. केबल तिसऱ्यांदा नवी टाकली. चारही चाकं जोडायचा गिअरचा दांडा अडकत होता, तोही तेल घालून मोकळा केला. तो कसा टाकायचा हे तिला येत होतं, मला नाही.

“मार,” मी म्हणालो.

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. तिने हेडलाइट लावले. काटा जागचा हलला नाही. पेडल दाबून सोडलं, ते हलकं वर आलं. आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी लग्नानंतर एकदाही पाहिलं नव्हतं.

“अगदी असाच आवाज होता,” ती म्हणाली.

तो आवाज मी परत आणला होता, माझ्या हाताने, माझ्या हत्याराने. त्या क्षणी पट्टी पुन्हा सोडवून टाकावी असं वाटलं. पण सोडवली नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

जीप तपासणीत पास झाली. पुढची अमावास्या आली आणि काकू आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, खोकला आहे. बायको ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवून कपडे वाळत घालायला गेली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, बघायची गरजही नव्हती.

“चल, कल्याणला जाऊन येऊ,” मी म्हणालो. “जीप काढ.”

काकू दारातच म्हणाल्या, “या. खोकला आहे मला.”

“फोनवर होता. आता ऐकू येत नाहीये.”

“तुम्हाला ऐकवायला खोकू का?”

मी बसलो. बायको मुद्दामच स्वयंपाकघरात गेली. “काकू, माझं चुकलं.”

“काय चुकलं? नारळाचं पाणी गंजवतं की नाही?”

“गंजवतं.”

“मग?”

“तुम्हाला सांगताना मला बरं वाटत होतं. ते चुकलं.”

पदराने चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “पहिल्या दिवाळीला तुम्ही जीप चालवत इथे आलात ना, तेव्हा मी गॅलरीत होते. वरून नुसता हात दिसला खिडकीबाहेर काढलेला. मग तुम्ही उतरलात. मीच आणलेलं स्थळ, तरी वाटलं, हा कोण उपटसुंभ त्याच्या गाडीत. दोन दिवस जेवण गेलं नाही मला.” चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “मी कोणाला बोलले नाही. तुम्ही बोलून मोकळे झालात. एवढाच फरक.”

मी म्हणालो, “पट्टी मागे नेलीय. कानाला लाल रंग दिलाय. आता तिथे हवे तेवढे नारळ फोडा.”

“आणि परत बंद पडली तर माझ्यावरच ढकलाल.”

“ढकलणार.”

“ढकला.” त्या उठल्या. “घरात नारळ आहे. विकत घेऊ नका वाटेत, सोलून महाग देतात मेले.”

नारळ नेहमीसारखा डोंबिवलीला, आमच्या आवारातच फोडायचा होता. खाली आल्यावर त्या पुढे, डाव्या सीटवर बसल्या. बायको चालवायला. मी मागच्या आडव्या बाकावर, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन. शीळफाट्याकडचा रस्ता लागायच्या आधीच दोघींचं त्याच्याबद्दल सुरू झालं. मुरबाडच्या पुढे कुठल्याशा शेतात गाडी चिखलात रुतली होती आणि तो पाऊणशे शिव्या देत उतरला होता, असं काहीतरी. इंजिनाच्या आवाजात अर्धं ऐकू येत नव्हतं. मला तेच टोचत होतं जे नेहमी टोचतं. काकूंच्या बोलण्याने ते गेलं असेल, असं मला क्षणभर वाटलं होतं, पण ते गेलं नव्हतं. दोन डोकी पुढे एकमेकींकडे वळून हसत होती आणि मी त्यांच्या पाठी बघत होतो.

मग मी पिशवी बाकावर ठेवली, दोन्ही सीटच्या मधल्या जागेत पुढे सरकलो आणि मोठ्याने विचारलं, “मग बाहेर कशी काढली त्याने?”

बायकोने आरशातून माझ्याकडे बघितलं. काकू मागे वळल्या. आणि दोघी एकाच वेळी सांगायला लागल्या.